‘ब्रसेल्सने ठरवलं’ म्हणजे नेमकं कोणी ठरवलं?

२८ डिसेंबर २०२४ पासून युरोपीय महासंघाच्या सत्तावीस देशांत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोबाइलला, टॅब्लेटला आणि डिजिटल कॅमेऱ्याला चार्जिंगसाठी एकाच प्रकारचा पोर्ट असणं सक्तीचं झालं: यूएसबी-सी. अ‍ॅपलने तर सव्वा वर्ष आधीच आयफोन १५ मधून स्वतःचा लायटनिंग पोर्ट काढून टाकला होता. तेव्हाच्या बातम्यांचा सूर साधारण असा होता की ब्रसेल्सने अ‍ॅपलला वाकवलं.

पण हे ‘ब्रसेल्स’ म्हणजे कोण? शहर म्हणून ती बेल्जियमची राजधानी; महासंघाची मुख्य कार्यालयं तिथली. तिथे सैन्य नाही. पोलीस नाहीत. घरोघरी जाऊन कर गोळा करणारं खातं नाही. महासंघाचा वार्षिक खर्च सदस्य देशांच्या एकत्रित उत्पन्नाच्या एका टक्क्याच्या आसपास फिरतो, आणि कायद्यांचे मसुदे करणाऱ्या युरोपीय आयोगाचे कर्मचारी आहेत बत्तीस हजारांच्या घरात. एवढ्या तुटपुंज्या सरंजामावर पंचेचाळीस कोटी लोकांच्या खिशातलं यंत्र कसं असावं हे ठरवता येतं, आणि जर्मनी-फ्रान्ससारखे देश ते मुकाट्याने पाळतात. हे जमतं कसं, ते समजून घेण्यासाठी चार्जरचं हे प्रकरण फार उपयोगी आहे. मोठमोठ्या शिखर परिषदांपेक्षा अशा किरकोळ वाटणाऱ्या कायद्यांतच त्या यंत्रणेचे दात नीट दिसतात.

आधी एक शब्द सोडवून घेऊ. आंतरराष्ट्रीय संघटना आणि अधिराष्ट्रीय संघटना यांत फरक आहे. आंतरराष्ट्रीय संघटनेत सरकारं एकत्र बसतात, बोलतात, पटलं तर करार करतात. ज्याला पटलं नाही तो बाहेर राहतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे ठराव याच जातीचे: नैतिक वजन आहे, पण बहुतेक बाबतींत कोणावर बंधन नाही. अधिराष्ट्रीय संघटनेत मात्र देशांनी आपल्या अधिकारांतला एक तुकडा कापून सामाईक संस्थेच्या हाती दिलेला असतो. मग त्या तुकड्यापुरतं, तुमचा विरोध असतानाही तुमच्यावर कायदा लागू होऊ शकतो, आणि तुमच्याच देशातली न्यायालयं तो तुमच्याविरुद्ध वापरू शकतात. ही दुसरी जात जगात फार थोड्या ठिकाणी दिसते. आफ्रिकी संघ, आसियान, दक्षिण अमेरिकेतला मर्कोसूर यांच्याकडे इमारती आहेत, सचिवालयं आहेत, झेंडे आहेत. पण कळीचे निर्णय अजून सरकारांच्या सहमतीवरच चालतात. म्हणून हा विषय समजून घ्यायचा तर युरोपातच जावं लागतं.

कोळसा आणि पोलाद

सुरुवात मोठ्या स्वप्नांनी नाही, भट्ट्यांनी झाली. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शूमान यांनी एक प्रस्ताव जाहीर केला. तो रचला होता ज्याँ मोने यांनी. फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीचं कोळसा आणि पोलाद यांचं उत्पादन एका सामाईक संस्थेच्या ताब्यात द्यायचं, इतर देशांनाही दार उघडं ठेवायचं. तोफा पोलादाच्या होतात आणि पोलादाला कोळसा लागतो. दोन्हींच्या किल्ल्या तिसऱ्याच्या हाती असतील तर दोघांना एकमेकांविरुद्ध गुपचूप शस्त्रं जमवता येणार नाहीत, हा त्यामागचा सरळ हिशेब.

१९५१ मध्ये पॅरिसला करार झाला. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग असे सहा देश. नऊ जणांचं ‘उच्च प्राधिकरण’ नेमलं गेलं, मोने त्याचे पहिले अध्यक्ष. या नऊ जणांनी आपापल्या सरकारकडून सूचना घ्यायच्या नाहीत, असं करारातच लिहिलं होतं, आणि त्या कामाला ‘अधिराष्ट्रीय’ असा शब्दही तिथे सरळ वापरला होता. गंमत म्हणजे पुढच्या, १९५७ च्या रोम करारात हा शब्द गाळला गेला. तोवर सरकारांना त्या शब्दातला खडा टोचू लागला होता. वस्तू ठेवली, पाटी उतरवली. आजच्या आयोगाचं मूळ त्याच उच्च प्राधिकरणात आहे.

एका पोर्टची तेरा वर्षं

आता चार्जर. २००९ मध्ये युरोपात मोबाइलचे तीसेक प्रकारचे चार्जर होते. आयोगाने कंपन्यांना बोलावून स्वेच्छेचा समझोता घडवून आणला. प्रकार तिसावरून तिनावर आले, पण तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. समझोता स्वेच्छेचा असल्यामुळे शेवटचं पाऊल कोणी उचलेना.

युरोपीय संसद चिडली. जानेवारी २०२० मध्ये तिने ५८२ विरुद्ध ४० मतांनी ठराव केला की आता कायदा आणा. इथे नवख्या वाचकाला ठेच लागते. ज्या संसदेला कायदा हवा आहे, ती स्वतःच का करत नाही? कारण तिला तो मांडता येत नाही. युरोपीय संसद मसुदा बदलू शकते, फेटाळू शकते, आयोगाला पदच्युतही करू शकते. पण मोजके अपवाद सोडले तर कायद्याचा पहिला मसुदा मांडण्याचा हक्क एकट्या आयोगाचा. संसदेने मागणी करायची आणि वाट पाहायची. या वेळी वाट वीस महिन्यांची निघाली. प्रस्ताव आला २३ सप्टेंबर २०२१ ला.

हा एकाधिकार वरवर लोकशाहीविरोधी दिसतो, आणि काही अंशी तो आहेच. त्यामागचं कारण मात्र ऐकण्यासारखं आहे. सत्तावीस सरकारं आणि सातशेवर खासदार यांपैकी कोणालाही मसुदा मांडता आला असता, तर बड्या देशांच्या सोयीचेच मसुदे पुढे सरकले असते अशी धास्ती सुरुवातीपासून लहान देशांना होती. आयोगात प्रत्येक देशाचा एक आयुक्त असतो, पण त्याने शपथ घ्यायची ती स्वतःच्या देशाची बाजू न घेण्याची. प्रत्यक्षात प्रत्येक आयुक्त आपल्या राजधानीचा फोन उचलतोच. तरी मसुदा कागदावर येईपर्यंत तो एका देशाचा राहिलेला नसतो, हे खरं.

प्रस्ताव निघाला की तो एकाच वेळी दोन दारांवर जातो.

पहिलं दार संसदेचं. २०२४ च्या निवडणुकीपासून तिथे ७२० सदस्य आहेत, त्याआधी ७०५ होते. जर्मनीचे ९६, माल्टाचे ६. जर्मनीचा एक खासदार साधारण साडेआठ लाख लोकांमागे, माल्टाचा नव्वद हजारांच्या आसपास. लहान देशांना दिलेलं हे झुकतं माप करारातच ठरवलेलं आहे. खासदार देशवार बसत नाहीत, पक्षगटांनुसार बसतात. इटलीचा समाजवादी स्वीडनच्या समाजवाद्याशेजारी. प्रत्येक मसुद्यासाठी समितीतल्या एका खासदारावर जबाबदारी सोपवली जाते. चार्जरच्या मसुद्याची जबाबदारी आली अ‍ॅलेक्स अ‍ॅजियस सलीबा यांच्याकडे, म्हणजे सहा खासदारांच्या त्या माल्टाकडे. मसुद्यात काय घालायचं, कुठे अडायचं, सरकारांशी कसा सौदा करायचा, हे या एका माणसाच्या हाती बऱ्यापैकी असतं. वर्तमानपत्रांत नाव क्वचित येतं, पण खरा कारभारी तो.

दुसरं दार सरकारांचं, म्हणजे मंत्रिपरिषदेचं. नावांचा गोंधळ इथे इतका आहे की सांगितलाच पाहिजे. ‘परिषद’ नावाच्या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक मंत्रिपरिषद: विषयानुसार त्या त्या खात्याचे मंत्री इथे जमतात आणि कायदे करतात. दुसरी शिखर परिषद: पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्ष, ही दिशा ठरवते, कायदे करत नाही. तिसरी ‘कौन्सिल ऑफ युरोप’: तिचा महासंघाशी संबंधच नाही. ती ४६ देशांची निराळी संघटना आहे, मानवी हक्कांचं न्यायालय तिचं, आणि तिचं मुख्यालय स्ट्रासबुर्गला, जिथे युरोपीय संसदही भरते. ज्याने ही नावं ठेवली त्याला सामान्य वाचकाशी वैर असावं.

मंत्री महिन्यातून एखाद्या वेळी भेटतात. खरं काम त्यांच्या खाली चालतं. सगळ्यांत तळाशी दीडशेहून जास्त कार्यगट. तिथे सत्तावीस देशांचे अधिकारी मसुद्याची ओळ न ओळ कुरतडतात. त्यांच्यावर राजदूतांची समिती, जिला सगळे ‘कोरेपर’ म्हणतात. कार्यगटात सुटलं नाही ते इथे येतं, आणि इथेही सुटलं नाही तेवढंच मंत्र्यांपुढे जातं. राजदूतांचं एकमत झालेला विषय मंत्र्यांच्या बैठकीत ‘अ यादीत’ लागतो आणि चर्चेविना मंजूर होतो. तो कोणत्याही खात्याच्या मंत्र्यांच्या बैठकीत मंजूर होऊ शकतो, कारण कायद्याच्या दृष्टीने मंत्रिपरिषद एकच आहे. डिसेंबर २००४ मध्ये सॉफ्टवेअरच्या पेटंटचा वादग्रस्त मसुदा असाच कृषी आणि मत्स्यव्यवसाय मंत्र्यांच्या यादीत चढला होता. पोलंडचा एक मंत्री ऐन वेळी तिथे पोचला आणि त्याने तो यादीतून काढायला लावला. पुढे २००५ मध्ये मंत्रिपरिषदेने तो पुढे रेटलाच, तेव्हा संसदेने ६४८ विरुद्ध १४ मतांनी तो पार मातीत घातला.

चार्जरवर मात्र सरकारांचं फारसं भांडण नव्हतं. जानेवारी २०२२ मध्ये राजदूतांनी सरकारांची भूमिका नक्की केली, एप्रिलमध्ये संसदेच्या समितीने आपली. मग दोन्ही बाजू आणि आयोग बंद खोलीत बसले. या बैठकींना ‘ट्रायलॉग’ म्हणतात. माझ्या मते महासंघातला सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत कमी पाहिला गेलेला भाग हाच. संसदेची चर्चा थेट प्रक्षेपित होते, मंत्री कायद्यावर मत देतात तेव्हा कॅमेरे चालू असतात. पण शब्द खरे ठरतात ते या खोलीत, आणि तिथे कॅमेरा नाही. काम लवकर होतं हे खरं. कोणी कशाच्या बदल्यात काय सोडलं, हे नागरिकाला कळत नाही हेही तितकंच खरं. ७ जून २०२२ ला तोडगा निघाला. लॅपटॉपही यादीत घ्यावेत हा संसदेचा हट्ट मान्य झाला, पण त्यांना जास्त मुदत मिळाली, २८ एप्रिल २०२६ पर्यंत. ४ ऑक्टोबरला संसदेने ६०२ विरुद्ध १३ मतांनी कायदा मंजूर केला, २४ ऑक्टोबरला मंत्रिपरिषदेने.

म्हणजे ‘ब्रसेल्सने ठरवलं’ याचा अर्थ असा: आयोगाने लिहिलं, माल्टाच्या एका खासदाराने वळवलं, राजदूतांनी आकार दिला, आणि सत्तावीस देशांच्या मंत्र्यांनी शिक्का मारला. त्यात प्रत्येक देशाचं स्वतःचं सरकार होतं.

मोजणीतली मेख

मंत्रिपरिषदेत मत मोजण्याची रीत थोडी किचकट आहे, पण सगळं राजकारण तिच्यातच दडलेलं असल्यामुळे इथे थांबायला हवं.

बहुतेक कायद्यांना ‘विशेष बहुमत’ लागतं. दोन अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. किमान ५५ टक्के देश बाजूने हवेत, म्हणजे सत्तावीसपैकी पंधरा. आणि त्या देशांत मिळून महासंघाची किमान ६५ टक्के लोकसंख्या हवी. पहिली अट लहानांच्या रक्षणासाठी: बडे चारपाच देश मिळून कायदा लादू शकत नाहीत. दुसरी बड्यांच्या रक्षणासाठी: पंधरा चिमुकले देश एकत्र आले तरी लोकसंख्येचा उंबरठा त्यांना ओलांडता येत नाही. अडवायचं असेल तरी गणित आहेच. ३५ टक्क्यांहून जास्त लोकसंख्या विरोधात हवी आणि देश किमान चार हवेत. जर्मनी, फ्रान्स आणि इटली मिळून पंचेचाळीस टक्क्यांच्या वर जातात, तरी तिघांनाच अडवता येत नाही. चौथा गडी शोधावा लागतो, आणि तो चौथा, कितीही लहान असला तरी, त्या दिवशी भाव खाऊन जातो.

हे किती काठावर येऊ शकतं ते १७ जून २०२४ ला दिसलं. निसर्ग पुनरुज्जीवनाचा कायदा महिनोन्‌महिने अडकला होता, कारण लोकसंख्येची अट पुरी होत नव्हती. ऑस्ट्रियाच्या पर्यावरणमंत्री लिओनोर गेवेस्लर ग्रीन पक्षाच्या. त्यांच्या सरकारचे चान्सलर, म्हणजे सरकारप्रमुख, पुराणमतवादी पक्षाचे. चान्सलरांनी लेखी कळवलं की मंत्रीणबाईंना बाजूने मत देण्याचा अधिकार नाही. गेवेस्लर यांनी तरीही दिलं. वीस देश बाजूने, आणि लोकसंख्या भरली ६६.०७ टक्के. ऑस्ट्रियाचा वाटा सुमारे दोन टक्के. त्या एका हाताशिवाय कायदा पडला असता. देशात आघाडीचं भांडण पेटलं, कोर्टाची भाषा झाली, पण बैठकीच्या अध्यक्षाच्या लेखी टेबलावर बसलेल्या मंत्र्याचं मत ते देशाचं मत.

आता त्यातली खरी मेख. विशेष बहुमतात तटस्थ राहणं म्हणजे व्यवहारात विरोध करणं, कारण मोजतात ते फक्त होकार. पण ज्या विषयांना एकमत लागतं तिथे हे उलटं होतं. तिथे मोजतात ते नकार. तटस्थ राहिलेला निर्णय अडवत नाही. तेच मौन एका कलमाखाली ‘नाही’ ठरतं आणि दुसऱ्या कलमाखाली ‘असू दे’. पुढचा किस्सा याशिवाय समजणार नाही.

कॉफीची सुट्टी

परराष्ट्र धोरण, निर्बंध, कर, नव्या देशांना प्रवेश, सात वर्षांचं अंदाजपत्रक: या विषयांत प्रत्येक देशाने व्हेटो हातात ठेवला आहे. साडेपाच लाख वस्तीचा माल्टा इथे जर्मनीइतकाच जड.

१४ डिसेंबर २०२३. शिखर परिषदेपुढे प्रश्न होता युक्रेनशी प्रवेशाच्या वाटाघाटी सुरू करायच्या का. सव्वीस जणांचा होकार, हंगेरीचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांचा जाहीर नकार. तासन्‌तास नाकदुऱ्या काढून झाल्या. शेवटी जर्मनीचे तेव्हाचे चान्सलर ओलाफ शोल्त्झ यांनी ओर्बान यांना सुचवलं की आपण जरा बाहेर जाऊन कॉफी घ्यावी, अशा बातम्या त्या रात्री आल्या. ओर्बान उठून गेले. उरलेल्यांनी निर्णय घेतला. ओर्बान यांनी बाहेर सांगितलं की हा निर्णय चुकीचा आहे आणि हंगेरीचा त्यात वाटा नाही. दोन्ही बाजूंचं काम झालं: ओर्बान यांनी नकार गिळला नाही, आणि कागदावर नकार उमटलाही नाही. त्याच रात्री त्यांनी युक्रेनसाठीची पन्नास अब्ज युरोंची मदत मात्र व्हेटो वापरून अडवली. ती १ फेब्रुवारी २०२४ ला, आणखी एका बैठकीनंतर, सुटली.

यावर हसणं सोपं आहे. पण खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं की हीच माणसं पुढच्या महिन्यात पुन्हा याच टेबलावर भेटणार आहेत, कदाचित आपल्याला गरज असलेल्या विषयावर. त्यामुळे कोणाला भिंतीशी रेटायचं नाही, हा अलिखित नियम आहे. विशेष बहुमत उपलब्ध असतानाही मंत्रिपरिषद शक्यतो सगळ्यांना सामावून घेते. मतदानाची धमकी टेबलाखाली असते, आणि तिच्या जोरावर टेबलावर तडजोड होते. अडून बसलेल्याला माहीत असतं की फार ताणलं तर आपल्याला वगळून पुढे जातील. म्हणून तो काहीतरी पदरात पाडून हो म्हणतो.

मोडता घालण्याची ताकद किती मोठी असते ते १९६५ मध्येच कळलं होतं. रोम करारानुसार १९६६ पासून बऱ्याच विषयांत बहुमताने निर्णय व्हायचे होते. फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गॉल यांना ते नको होतं. शेतीच्या खर्चावरून भांडण उकरून फ्रान्सने जुलै १९६५ पासून बैठकांना येणंच सोडलं. जवळजवळ सात महिने फ्रान्सची खुर्ची रिकामी होती, आणि ते प्रकरण ‘रिकामी खुर्ची’ याच नावाने ओळखलं जातं. जानेवारी १९६६ मध्ये लक्झेंबर्गला समेट झाला. त्याचा मथितार्थ: एखादा देश ‘हा माझ्या जिव्हाळ्याच्या हिताचा प्रश्न आहे’ म्हणाला तर चर्चा चालूच ठेवायची. फ्रान्सच्या मते एकमत होईपर्यंत; बाकी पाचांच्या मते वाजवी मुदतीपर्यंत. मतभेद आहे यावर मतैक्य झालं, एवढाच तो समेट. पुढची वीस वर्षं बहुतेक कायदे भिजत घोंगडं होऊन पडले. १९८७ मध्ये लागू झालेल्या करारदुरुस्तीने एकसंध बाजारपेठेच्या बऱ्याच विषयांत बहुमत खऱ्या अर्थाने आणलं, तेव्हा गाडी हलली. चार्जरचा कायदा त्याच बाजारपेठेच्या कलमाखाली झाला. त्याला एकमत लागलं असतं, तर एखाद्या सरकारला आपल्या बाजूला वळवणं हे कंपन्यांना फार अवघड नव्हतं.

पोलीस नसताना पाळतात कसे

मिलानमधले एक वकील फ्लामिनिओ कोस्ता यांचे एका वीज कंपनीत समभाग होते. १९६२ मध्ये इटलीने वीज उद्योगाचं राष्ट्रीयीकरण केलं. कोस्ता यांनी नव्या सरकारी कंपनीचं एक किरकोळ बिल भरायला नकार दिला आणि म्हटलं, हे राष्ट्रीयीकरण रोम कराराविरुद्ध आहे. इटलीचं घटनात्मक न्यायालय म्हणालं, राष्ट्रीयीकरणाचा कायदा करारानंतर झाला, म्हणून तोच वरचढ. प्रकरण लक्झेंबर्गला असलेल्या युरोपीय न्यायालयात गेलं. १९६४ मध्ये निकाल लागला: देशांनी करार करून आपले काही अधिकार कायमचे मर्यादित केले आहेत, नंतरचा देशी कायदा त्यावर मात करू शकत नाही.

करारात हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. न्यायाधीशांनी ते करारातून ‘वाचलं’. त्याच्या आदल्या वर्षी, एका डच वाहतूक कंपनीच्या सीमाशुल्काच्या खटल्यात, त्याच न्यायालयाने म्हटलं होतं की करारातले हक्क नागरिक थेट आपल्या देशाच्या न्यायालयात मागू शकतात. ही दोन वाक्यं एकत्र ठेवा. ब्रसेल्सला पोलीस लागत नाहीत, कारण प्रत्येक देशाचा जिल्हा न्यायाधीशच महासंघाचा कायदा चालवतो. त्याच्या निकालाची अंमलबजावणी त्याच देशाचे पोलीस करतात. स्वतःच्या न्यायालयाचा हुकूम मोडणं हे सरकारला परक्या संस्थेला धुडकावण्यापेक्षा कितीतरी जड जातं.

चार्जरचा कायदा हा ‘निर्देश’ होता. म्हणजे उद्दिष्ट सामाईक, पण प्रत्येक देशाने आपल्या संसदेत त्यानुसार कायदा करायचा. त्यासाठी २०२३ च्या डिसेंबरअखेरपर्यंतची मुदत होती. याउलट माहितीच्या गोपनीयतेचा, जीडीपीआर नावाने गाजलेला कायदा ‘विनियम’ प्रकारचा. तो २५ मे २०१८ ला सगळीकडे जसाच्या तसा लागू झाला, मधे राजधान्यांचं दार न लागता.

जो पाळत नाही त्याला आयोग नोटिसा पाठवतो, मग न्यायालयात खेचतो, आणि न्यायालय दंड ठोठावतं. पोलंडला न्यायाधीशांवरच्या शिस्तभंग व्यवस्थेवरून ऑक्टोबर २०२१ पासून दिवसाला दहा लाख युरो दंड लागला. हंगेरीला जून २०२४ मध्ये आश्रय मागणाऱ्यांच्या प्रकरणात वीस कोटी युरो आणि वर दिवसाला दहा लाख. भरला नाही तर? आयोग तेवढी रक्कम त्या देशाला मिळणाऱ्या निधीतून कापून घेतो. म्हणजे वसुलीची ताकद आहे, पण ती निधीच्या गरजेवर उभी आहे. आणि न्यायालयाचा शब्द सगळेच अखेरचा मानतात असंही नाही. मे २०२० मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने लक्झेंबर्गचा एक निकाल चक्क अधिकाराबाहेरचा ठरवला. ऑक्टोबर २०२१ मध्ये पोलंडच्या घटना लवादाने त्याहून पुढची मजल मारली. वरचढ कोण, हा प्रश्न साठ वर्षांनंतरही पूर्ण मिटलेला नाही. दोन्ही बाजू तो शेवटपर्यंत ताणत नाहीत, म्हणून चालतं.

कोणत्या कलमाखाली?

या सगळ्याचा एक राजकीय दुष्परिणाम आहे आणि तो मला व्हेटोपेक्षा जास्त गंभीर वाटतो. मंत्री ब्रसेल्सला जाऊन हात वर करतो आणि घरी परतून सांगतो की ब्रसेल्सने लादलं. चांगलं झालं तर आपण मिळवलं, वाईट झालं तर त्यांनी लादलं. ज्या टेबलावर आपण बसलो होतो त्याचंच नाव शिवीसारखं वापरायचं. वर्षानुवर्षं हे ऐकलेल्या मतदारापुढे एके दिवशी थेट प्रश्न आला तर तो काय उत्तर देईल? २३ जून २०१६ ला ब्रिटनमध्ये तो प्रश्न आला, आणि ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडलं. त्या निकालामागे कारणं पुष्कळ होती, पण हेही एक होतं.

म्हणून युरोपातली कोणतीही बातमी वाचताना मी आधी एकच गोष्ट शोधतो: विषय कोणत्या कलमाखाली आणला आहे? बाजारपेठेच्या कलमाखाली असेल तर बहुमत, परराष्ट्र धोरणाच्या असेल तर व्हेटो. जाणकारांची निम्मी लढाई मसुद्याच्या पहिल्या पानावरच्या त्या एका ओळीसाठी असते. एकमताचे विषय बहुमताकडे वळवण्याची एक वाट करारात ठेवलेली आहे, पण त्यासाठी आधी सगळ्यांचं एकमत लागतं, वर कोणत्याही एका देशाच्या संसदेने हरकत घेतली तरी वाट बंद. व्हेटो सोडायचा की नाही यावरही व्हेटो.

सरळ वाट बंद असली की आडवाट शोधली जाते. रशियाच्या मध्यवर्ती बँकेची युरोपात अडकवलेली मालमत्ता निर्बंधांच्या कलमाखाली गोठवलेली होती, म्हणून दर सहा महिन्यांनी सत्तावीस जणांचा होकार लागे. दर सहा महिन्यांनी कोणीतरी किंमत मागे. डिसेंबर २०२५ मध्ये तीच मालमत्ता निराळ्या कलमाखाली, आर्थिक आणीबाणीच्या कलम १२२ खाली, बेमुदत गोठवण्यात आली. मालमत्ता तीच, टेबल तेच, माणसंही तीच. पण या कलमाला विशेष बहुमत पुरतं. हंगेरी आणि स्लोव्हाकियाने विरोधात मत दिलं. ते मोजलं गेलं, आणि कमी पडलं.